लग्नसराईतला लॅपटॉप: तीनदा दुरुस्त होऊनही बंद पडणाऱ्या मशीनचं प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते. नागपुरात बर्डीवर दुपारी दोननंतर रस्ता ओस पडायचा आणि माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या कूलरची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागायची. अशा दुपारी महाल भागातल्या एक ताई डोक्याला दुपट्टा गुंडाळून लॅपटॉप घेऊन आल्या. बॅग काउंटरवर ठेवली तेव्हा तिचं बूड इतकं तापलेलं होतं की मी हात मागे घेतला. उन्हानं तापली असेल असं मला वाटलं. त्या बॅगेचा खरा अर्थ मला जवळपास आठवड्यानं लागला.

गांधी गेटाच्या आत एका बोळीत त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, तेरवीचे शोकसंदेश, मधूनच कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. लॅपटॉप २०१९ मध्ये घेतलेला. आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, रॅम आधी ४ जीबी होती, आता ८. कामाला कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि शेजारी वीसेक टॅब उघडलेला क्रोम.

"दादा, दुपारी दोन-अडीचला हटकून बंद पडते. सकाळी काही नाही. गरमीनं होऊन राह्यलं म्हणतात सगळे. पण आता तर मी कूलरच्या पुढ्यात ठेवून काम करून राह्यली, तरी तेच. मी दोन दुकानं फिरून आली. काहून होते हे?"

"बंद पडते" हा शब्द फार फसवा आहे. माणसं तीन वेगळ्या गोष्टींना तोच एक शब्द वापरतात: स्क्रीन झटक्यात काळी होऊन मशीन थंड पडणं, निळी स्क्रीन येऊन पुन्हा सुरू होणं, आणि सगळं जागच्या जागी गोठणं. म्हणून मी कधीही आधी स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. बंद पडण्याच्या आधीचं एक मिनिट कसं असतं ते विचारतो.

ताईंनी चांगलं निरीक्षण केलं होतं. आधी माऊस फिरत राहतो, पण क्लिक लागत नाही. मग मिनिट-दीड मिनिटानं निळी स्क्रीन. "आणि एप्रिलात एक-दोनदा निळं न येताच फट्कन बंद झाला होता," असंही त्या म्हणाल्या. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहिल्या. दुसरी लिहून विसरून गेलो, ते पुढे येईलच.

आधीचे इलाज, आणि ते लागू का पडले

आधीच्या दोन दुकानांत तीन इलाज झाले होते. पहिल्या ठिकाणी प्रोसेसरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप, बदलली. पंधरा-वीस दिवस बरे गेले. पुन्हा त्रास सुरू झाल्यावर तिथेच ४ जीबी रॅम वाढवली. आठवडाभर मशीन सुसाट चाललं. मग दुसऱ्या दुकानात सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं. अकरा दिवस सुखात गेले, बाराव्या दिवशी पुन्हा निळी स्क्रीन.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस वाटला तो इथे. तिन्ही इलाज चुकीचे होते असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण तिन्ही थोडे थोडे लागू पडले होते, आणि चुकीचा इलाज लागू का पडला हे कळलं की आजार सापडतो.

रॅमचं घ्या. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधली काही पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागतील तेव्हा परत आणतं. कर्नलनं, म्हणजे विंडोजच्या गाभ्यानं, त्यातलं एखादं पान मागितलं आणि डिस्कनं ते दिलंच नाही, तर पुढे जायला वाट नसते. निळी स्क्रीन येते. रॅम ४ ची ८ केली की पेजफाईलचा वापर घटतो, डिस्कला हाक कमी वेळा जाते. रोग आहे तसाच, फक्त त्याच्या दारावर थाप कमी पडते. मग लग्नसराईचं काम वाढलं, फ्लेक्सच्या मोठ्या फायली उघडायला लागल्या आणि ८ सुद्धा अपुरी पडू लागली.

विंडोज नव्यानं टाकल्यावर बरं वाटण्याचं कारण आणखी मजेशीर आहे. डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, वाचता येईनासा झाला की डिस्क त्याला "प्रलंबित" यादीत टाकते. तो फेकून देता येत नाही, कारण त्यात तुमचा डेटा आहे आणि कदाचित पुढच्या वेळी वाचता येईल अशी आशा असते. पण त्याच जागी काही नवं लिहिलं गेलं की जुन्या डेटाची जबाबदारी संपते. मग डिस्क लिहून तपासते. जागा ठीक निघाली तर यादीतून नाव काढते, नाही तर राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर तिच्या जागी बसवते. विंडोज टाकताना सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी नवं लिहिलं गेलं, तेवढ्या पट्ट्यातल्या खराब जागा झाकल्या गेल्या. पत्रा उडालेल्या छपरावर ताडपत्री टाकावी तसं. पहिल्या पावसात आत कोरडं वाटतं.

दुपारी अडीचचं गूढही यातच सुटलं. "दुपारी तुम्ही काय काम करता?" असं विचारलं तर ताई म्हणाल्या, सकाळी गिऱ्हाईक असतं, कार्डाचा मजकूर टाइप करणं चालतं, दुपारी शटर अर्धं ओढून त्या फ्लेक्स आणि फोटोंची जड कामं काढतात. म्हणजे ऊन आणि जड फायली एकाच वेळी यायच्या. सगळ्यांनी बोट उन्हाकडे दाखवलं, आणि नागपुरात मे महिन्यात उन्हाला दोष दिला तर वाद कोण घालणार.

नोंदी काय म्हणत होत्या

मशीन सुरू करून मी टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा वापर १०० टक्के, आणि प्रत्यक्ष वाचन-लेखनाचा वेग ० केबी. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. डिस्क पूर्ण गुंतलेली आहे आणि हातात काहीच येत नाही, याचा अर्थ ती एकाच जागेशी झुंजते आहे. ही डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक सेक्टर पहिल्या खेपेला वाचता आला नाही तर तो पुन्हा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत ११ मिलिसेकंद थांबायचं. असे दोनशे प्रयत्न केले तर एका सेक्टरमागे दोन सेकंद गेले. तीस-चाळीस खराब सेक्टर ओळीनं आले तर माऊस फिरत राहील आणि क्लिक लागणार नाही. ताईंनी सांगितलेलं ते मिनिट-दीड मिनिट हेच.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बाराएक दिवसांच्याच नोंदी उरल्या होत्या. त्याआधीच्या फॉरमॅटमध्ये पुसल्या गेल्या. विंडोज पुन्हा टाकण्याचा हा तोटा कुणी लक्षात घेत नाही. रोग्याची जुनी फाईलच जळून जाते. तरी उरलेल्यात पुरेसं होतं. डिस्क या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब ब्लॉक, साठच्या वर वेळा. १५३ क्रमांकाची, म्हणजे डिस्ककडे पाठवलेलं काम पुन्हा पाठवावं लागलं, त्याहून जास्त. आणि कर्नल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. या ४१ च्या तपशिलात बगचेक कोड नावाचा, निळ्या स्क्रीनचं कारण सांगणारा आकडा असतो, तो दशमानात लिहिलेला असतो. इथे तो १२२ होता. १२२ ला सोळाच्या मानात (हेक्साडेसिमल) लिहिलं की सेव्हन-ए होतं, आणि सेव्हन-ए म्हणजे कर्नल डेटा इनपेज एरर: गाभ्याला डिस्कवरून पान हवं होतं, आलं नाही. त्याच्या दुसऱ्या रकान्यात आणखी एक कोड असतो. तो सी-शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-नऊ-सी असला की बहुधा खराब ब्लॉक. शेवटचं अक्षर सी ऐवजी डी असतं तर मी आधी केबल आणि कनेक्टर पाहिला असता. इथे सी होतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या मोजण्या ठेवते, ज्यांना स्मार्ट म्हणतात, त्या हा दाखवतो. पिवळा ठिपका, "सावध". हा प्रोग्राम कच्चे आकडे सोळाच्या मानात दाखवतो, त्यामुळे घोळ होतात. सी-५ या ओळीत, म्हणजे प्रलंबित सेक्टरच्या, "बी८" दिसत होतं. ते १८४. शून्य-पाच या ओळीत, म्हणजे कायमच्या बदललेल्या सेक्टरच्या, ४८. सी-७ मध्ये, जिथे केबलमधल्या चुका मोजल्या जातात, शून्य. म्हणजे केबलवरचा उरलासुरला संशयही गेला. तापमान ५२ अंश. आणि बीएफ नावाच्या ओळीत, जिथे धक्के मोजले जातात, आकडा हजारांत. टेबलावर ठेवून वापरायच्या मशीनला एवढे धक्के कुठून? तेही वहीत लिहिलं.

दुसऱ्या दुकानात त्यांना सांगितलं होतं की "डिस्क चेक केली, पास आहे." ते खोटं नव्हतं. डिस्क स्वतःबद्दल एका शब्दात जो निकाल देते तो खरोखर "पास"च होता. तो निकाल कंपनीनं ठरवलेल्या उंबरठ्यावर अवलंबून असतो आणि उंबरठा फार ढिला असतो. १८४ सेक्टर वाचता येत नसलेली डिस्कही त्याखाली पास होते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांच्या चार महत्त्वाच्या स्मार्ट मोजणींमध्ये मरेपर्यंत काहीच चढलं नव्हतं. उलट एकदा का तपासणीत पहिली चूक दिसली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणून मी याचा अर्थ असा लावतो: स्मार्ट गप्प असेल तर त्यावर विसंबू नये, बोलायला लागलं तर लगेच ऐकावं.

इथे मी चुकलो

निदान इथे संपायला हवं होतं. डिस्क उतरवायची, कॉपी घ्यायची. पण मला खात्रीची खात्री करायची हौस आली. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून मी डिस्कची विस्तारित स्व-चाचणी लावली. ही चाचणी डिस्कचा अख्खा पृष्ठभाग वाचून काढते. दहाएक टक्क्यांवर ती वाचन-चूक देऊन थांबली. पहिल्या खराब सेक्टरचा क्रमांक मिळाला, ५१२ नं गुणल्यावर ती जागा साधारण १०८ जीबीवर आली, म्हणजे नव्यानं फॉरमॅट केलेल्या सी ड्राइव्हच्याच पोटात. छान माहिती. पण पुन्हा आकडे पाहिले तर १८४ चे २६४ झाले होते.

८० सेक्टर वाढले. (या डिस्कवर आकडे आठच्या पटीत वाढतात, कारण आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून दाखवला जातो. म्हणजे प्रत्यक्षात दहा नव्या जागा.) त्या माझ्या चाचणीनं खराब झाल्या की आधीच खराब होत्या आणि चाचणीनं फक्त उघड केल्या, हे सांगता येत नाही. पण मला जे ठाऊक होतं तेच पुन्हा ऐकण्यासाठी मी आजारी डिस्कला पळवलं, हे खरं. ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना दादा, निदान तुम्ही सांगून तरी राह्यले." त्यावर काय बोलायचं.

चेकडिस्क, ही विंडोजचीच डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, मात्र मी लावली नाही. पुष्कळ जण हीच चूक करतात. खराब डिस्कवर चेकडिस्कचं दुरुस्तीचं रूप चालवलं की ती वाचत राहते, लिहितही राहते, आणि जी फाईल नीट जुळत नाही तिचे तुकडे करून बाजूला टाकते. निरोगी डिस्कवरच्या फाईलव्यवस्थेचा गुंता सोडवायला ते ठीक आहे. मरणाऱ्या डिस्कवर डेटा बाहेर काढण्याआधी ते करणं म्हणजे घर पेटलेलं असताना कपाट आवरायला बसणं. आणि कुणीतरी हमखास सांगतं, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. नागपूरच्या मेमध्ये, कूलरच्या दमट हवेत, फ्रिजमधून काढलेल्या धातूवर दोन मिनिटांत पाणी धरतं. पुढचं सांगायला नको.

रात्रीचं काम

डिस्क उतरवली आणि तिच्यावर कागदी टेप चिकटवून मार्करनं "जुनी" लिहिलं. २ टीबीच्या कोऱ्या डिस्कवर "नवी". कॉपीच्या वेळी कुठून कुठे ही दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क जुनीवर ओतली जाते आणि सगळं संपतं. म्हणून टेप लावूनही मी दोन्हींचे सीरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवून पाहतो. त्याआधी एक पाहिलं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू नाही ना. चालू असता तर कॉपी घेऊनही ४८ अंकी किल्लीशिवाय ती उघडली नसती.

मग आवाज. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक डिस्कच्या कडेला टेकवलं. फिरण्याचा एकसारखा घुमारा, मधूनच खर्र, थोडा दम, पुन्हा खर्र. ठरावीक लयीत टक-टक-टक असं येत नव्हतं. ते आलं असतं तर हेड गेलं असं समजून मी वीज बंद केली असती आणि ताईंना सांगितलं असतं की हे माझ्या टेबलावरचं काम नाही, धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्यांकडे पाठवा. हेड डिस्कच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे दुकानाच्या टेबलावर झाकण उघडून बघण्याची हौस परवडत नाही.

काम रात्रीसाठी ठेवलं. दुपारी दुकानात पारा चाळिशीच्या आसपास असतो, तिथे ही डिस्क तासन्‌तास चालवायची माझी तयारी नव्हती. यूएसबीचा अडॅप्टरही टाळला. तो पुष्कळदा स्मार्टचे आकडे लपवतो आणि खराब सेक्टर आला की मध्येच संपर्क तोडतो. डेस्कटॉपच्या साटा पोर्टला डिस्क सरळ जोडली, समोर टेबल फॅन लावला आणि साडेनऊला डीडीरेस्क्यू सुरू केला.

नेहमीची कॉपी-पेस्ट आणि हा प्रोग्राम यांत फरक असा. कॉपी-पेस्ट पहिल्या खड्ड्यात अडकून बसते. डीडीरेस्क्यू खड्डा लागला की उडी मारून पुढे जातो, आधी सोपं आणि चांगलं सगळं उचलतो, मग सुटलेल्या भागांच्या कडा कातरत आत शिरतो आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतो. कुठलं घेतलं आणि कुठलं राहिलं याचा नकाशा तो एका फाईलमध्ये लिहीत जातो. त्या नकाशाची किंमत मला रात्री दोनला कळली. वादळ सुटलं आणि लाईन गेली. यूपीएसनं दहा मिनिटं तग धरला, मी सगळं व्यवस्थित बंद केलं. सव्वातीनला लाईन आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि काम सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

निरोगी डिस्क असती तर १ टीबी तीन तासांत उतरली असती. हिला सकाळचे सात वाजले, तेव्हा ९९.६ टक्के हातात होतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण उरलेले ०.४ टक्के म्हणजे ४ जीबी, आणि ४ जीबीत लग्नपत्रिका किती मावतात ते ताईंना विचारा. पुढच्या दोन रात्री त्या ४ जीबीवरच गेल्या. शेवटी ४१ एमबी उरले आणि वेग असा झाला की तासाला काही केबी. डिस्कच्या आवाजातही नवी घरघर आली होती. तिथे थांबलो. अजून चार रात्री घालवून त्यातले दहा-वीस एमबी कदाचित आले असते, कदाचित त्या नादात डिस्क साफ बसली असती. पण कॉपी हातात होती, आणि तिकडे ताईंची गिऱ्हाइकं दारात उभी होती.

आता ४१ एमबी नेमके कुणाचे गेले? डीडीरेस्क्यूमध्ये एक सोय आहे. कॉपीतल्या न मिळालेल्या जागांवर आपल्या पसंतीचा मजकूर भरता येतो. मी तिथे एक खुणेचा शब्द भरला आणि मग सगळ्या फायली त्या शब्दासाठी चाळल्या. ज्या फाईलच्या पोटात तो शब्द सापडला, ती फाटलेली. बहुतेक खड्डे रिकाम्या जागेत किंवा विंडोजच्या फायलींत निघाले, त्यांची फिकीर नव्हती. ताईंच्या स्वतःच्या नऊ फायली निघाल्या. सहा जुने फोटो, एक हिशेबाची शीट जिची प्रत त्यांच्या मेलमध्ये होती, आणि दोन कोरलच्या फायली.

कोरलड्रॉ फाईल सेव्ह करताना आधीच्या रूपाची एक प्रत "बॅकअप ऑफ" असं नाव जोडून शेजारी ठेवतं. बहुतेक लोक हा कचरा समजून पुसतात. ताईंनी आळसानं पुसला नव्हता. त्या आळसानं एक फाईल वाचली. दुसरीची बॅकअप प्रतही त्याच खड्ड्यात गेली होती.

नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, विंडोज आणि त्यांचा डेटा टाकून मशीन परत दिलं. तासाभरात फोन. "दादा, पत्रिका उघडल्या पण सगळ्या खराब झाल्या, इंग्रजीच दिसते!" फायलींना काहीही झालेलं नव्हतं. त्या कृतीदेवमध्ये टाइप करतात. तो युनिकोड फॉन्ट नाही, त्यात अक्षरं आतून रोमनच असतात, वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. मशीनवर तो फॉन्ट नसला की "मराठी" या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं ओळीनं उभी राहतात. फॉन्ट टाकला, पत्रिका मराठीत आल्या.

दुसरा आजार

तिसऱ्या दिवशी ताई पुन्हा दारात. मशीन फट्कन बंद झालं होतं. निळं नाही, गोठणं नाही, एकदम अंधार. मला तेव्हा वहीतली ती विसरलेली ओळ आठवली.

कर्नल-पॉवर ४१ ची नोंद होतीच, पण या खेपेला बगचेक कोड शून्य. म्हणजे विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नव्हता. वीजच तोडली गेली. प्रोसेसरचं तापमान पाहिलं, कोरल उघडताच ९७. खालचं झाकण काढलं. पंखा वरून ब्रशनं स्वच्छ केलेला होता, पेस्टही नवी आणि बरी लावलेली. पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत, जिथे पंखा काढल्याशिवाय ब्रश पोचत नाही, तिथे धुळीचा जाड नमदा बसला होता. कूलरच्या ओलसर हवेतली धूळ अशीच दाबून बसते. चिमट्यानं तो एका तुकड्यात, चपटा, राखाडी, बोटाएवढा बाहेर आला. त्यानंतर त्याच कामाला तापमान ७८ वर थांबलं. तर पहिल्या दुकानाचं "गरमी" हे निदान अर्धं बरोबर होतं. दोन आजार होते, दोघांचं नाव "बंद पडते".

आणि मग ती तापलेली बॅग आणि हजारातले धक्के.

"दुकान बंद करताना लॅपटॉप कसा बंद करता?" मी विचारलं. ताईंनी झाकण लावून दाखवलं. कडेला लाइट तसाच चालू. दुकानात त्या मोठा मॉनिटर जोडून, झाकण मिटून काम करतात, म्हणून कुणीतरी सेटिंग करून दिली होती: झाकण मिटलं तर काहीही करू नको. ती सेटिंग वीज जोडलेली असतानाची आणि बॅटरीवरची, दोन्हीकडे लागलेली. मी नवं विंडोज टाकल्यावर त्यांच्या पुतण्यानं ती इमानेइतबारे पुन्हा लावून दिली होती. म्हणजे रोज रात्री मॉनिटरची वायर काढून त्या झाकण मिटायच्या, चालू मशीन गादीच्या बॅगेत घालायच्या आणि ॲक्टिव्हाच्या पायदानावर ठेवून घरी न्यायच्या. आत डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरते आहे, पंख्याचं तोंड बॅगेनं दाबलेलं आहे, आणि खाली सिमेंट रोडचे सांधे अन् गतिरोधक.

डिस्क त्यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सहा-सात वर्षांची डिस्क तशीही म्हातारीच. पण मला त्या दृश्यानंतर दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही. बॅटरीवर असताना झाकण मिटलं की झोपायचं, एवढा एक बदल केला आणि लाइट विझल्याशिवाय बॅगेत ठेवायचं नाही असं सांगितलं. कॉपी घेतलेल्या त्या २ टीबीच्या डिस्कवर आठवड्यातून एकदा डेटाची प्रत घ्यायचंही ठरलं. एसएसडी मरताना खर्र असा आवाजही करत नाही.

राहिली ती एक पत्रिका. गणपतीचं रेखाचित्र, भोवती आंब्याच्या पानांची चौकट, खाली छोट्यांच्या नावानं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं". ताईंची सगळ्यात चालणारी डिझाइन, तीन वर्षांत नावं बदलून कितीतरी लग्नांना गेलेली. मी माफी मागायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "ते काही नाही, माझ्याकडे डबा आहे." छापलेल्या प्रत्येक कार्डाची एक प्रत त्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवतात. त्यातून ते कार्ड शोधून, समोर टेकवून, त्यांनी दोन दुपारी बसून सगळं नव्यानं रचलं.

पुढच्या आठवड्यात चार्जर घ्यायला आल्या तेव्हा नवं कार्ड दाखवलं. जुनं शेजारी धरलं आणि एका शब्दावर नख ठेवलं. जुन्या कार्डावर "आर्शीवाद" छापलेलं होतं. तीन वर्षं, एवढी लग्नं, एवढे मामे, आणि रफार चुकीच्या अक्षरावर आहे हे कुणालाच दिसलं नव्हतं. नव्यावर त्यांनी "आशीर्वाद" केलं होतं.